कोऱ्या चहाच्या बाजूने

आमच्या घरी येणारा पाहुणा हल्ली माझ्या तब्येतीची चौकशी करत नाही. तो दारातूनच कोपऱ्यातल्या माशांच्या टाकीकडे बघतो आणि विचारतो, "पाणी कधी बदललंत हो शेवटचं?" त्यातला 'शेवटचं' हा शब्द तो असा काही उच्चारतो, की माशांची घटका भरली असून तोंडात गंगाजल घालण्यापुरतंच काय ते नवं पाणी हवं आहे, असं ऐकणाऱ्याला वाटावं. मी शांतपणे सांगतो, "रविवारी." मग पाहुणा माझ्याकडे बघतो. खातं उघडायला अस्पष्ट झेरॉक्स घेऊन आलेल्या इसमाकडे आम्ही काउंटरमागून बघतो ना, अगदी तसा.

टाकीतलं पाणी तांबूस आहे, हे मी नाकारत नाही. रंग कोऱ्या चहाचा आहे. पहिल्या आठवड्यात तर तो टपरीवरच्या तिसऱ्या उकळीच्या चहाचा होता. पण हा रंग म्हणजे घाण नव्हे, आळस नव्हे आणि माझ्या संसाराची अवकळा तर मुळीच नव्हे. हा रंग टाकीत ठेवलेल्या लाकडाचा आहे. बाजारात त्याला ड्रिफ्टवुड म्हणतात. साल गेलेली, ठिसूळ भाग झडून गेलेला आणि उरला तो पिळवटलेला टणक गाभा. दिसायला ते सुंठेच्या मोठ्या कुड्यासारखं असतं. दुकानदार मात्र ते सोन्याच्या बिस्किटासारखं काट्यावर ठेवतो. हे लाकूड पाण्यात बुडालं, की त्यातून टॅनिन आणि त्याच्या गणगोतातली आम्लं हळूहळू पाझरतात. चहाची पुडी गरम पाण्यात तीन मिनिटांत जे करते, तेच लाकूड गार पाण्यात तीन महिने करत बसतं. सरकारी कामाच्या गतीने, पण तितक्याच चिकाटीने.

आता गंमत बघा. ज्या पाहुण्याला माझ्या टाकीतल्या टॅनिनची शिसारी येते, तो आमच्याकडे बसल्या बसल्या दोन कप टॅनिन पितो, वर टॅनिनची सुपारी कातरतो आणि रात्री घरी जाऊन पोट साफ व्हावं म्हणून चमचाभर टॅनिन कोमट पाण्याबरोबर घेतो. कारण चहा, सुपारी, कात आणि त्रिफळा चूर्णातला हिरडा, सगळीकडे तेच तर आहे. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते ना, ती ओढणारा गृहस्थ तोच. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कातडी कमावतात ती त्याच्याच जोरावर. इंग्रजीतला टॅनिन हा शब्दही कातडी कमावण्याच्या धंद्यातूनच आलेला आहे. कोळ्यांची जाळी सुताची होती, तेव्हा ती कुजू नयेत म्हणून सालीच्या काढ्यात बुडवून काढत. म्हणजे मासे आणि टॅनिन यांची ओळख फार जुनी. फक्त पूर्वी ती माशांच्या गैरसोयीची होती.

आपल्या पूर्वजांना तर या तांबूस रंगाचं वावडं नव्हतंच. सहा रसांतल्या तुरट रसाला त्यांनी कषाय म्हटलं, औषधाच्या काढ्यालाही कषाय म्हटलं आणि संन्याशाच्या तांबूस वस्त्राला काषाय म्हटलं. जो रंग अंगावर घेतल्यावर माणसाच्या पाया पडतात, तोच टाकीत उतरल्यावर नाक मुरडायचं, हा कुठला न्याय?

पण न्याय मागायला जावं, तर सल्ला मिळतो. माझ्या टाकीवर आजवर जेवढे सल्ले पडले, तेवढं माशांना खाद्यही पडलं नसेल.

वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "तुरटी फिरवा." विहिरीच्या गढूळ पाण्याला तुरटी ठीक आहे. तिथे मातीचे कण गोळा होऊन तळाशी बसतात आणि ते पाणी माणसाला प्यायचं असतं, त्यात राहायचं नसतं. माशांच्या टाकीत तुरटी पाण्याचा आम्ल सोसण्याचा साठाच खाऊन टाकते, आणि आम्ल पाण्यात तुरटीतलं ॲल्युमिनियम कल्ल्यांना बाधतं. शिवाय तुरट पाण्यावर तुरटीचा उपाय करणं म्हणजे कर्ज फेडायला क्रेडिट कार्ड काढण्यासारखं आहे. काकांचा पुतण्या तेच करतो म्हणा. तेव्हा सल्ला घराण्याला धरूनच होता.

मेव्हणे पुण्याहून आले होते. ते म्हणाले, "भावोजी, लाकूड एक रात्र ब्लीचिंग पावडरमध्ये बुडवून ठेवा. पांढरं स्वच्छ होईल." लाकूड पांढरं होईलही. पण लाकूड म्हणजे काही स्टीलचं ताट नव्हे. ते स्पंजासारखं क्लोरीन पिऊन बसतं आणि पुढे सवडीने माशांच्या अंगावर सोडतं. नळाच्या पाण्यातल्या जरा जरा क्लोरीनसाठी आम्ही ते पाणी दिवसभर उघडं ठेवतो किंवा हायपोचे दोन खडे टाकतो. आणि इथे साक्षात मेव्हणे क्लोरीनची मुदत ठेव ठेवायला निघाले होते!

दुकानदाराने एक निळी बाटली पुढे केली. "दहा थेंब टाका साहेब, पाणी क्रिस्टल." मी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. बारीक अक्षरं वाचणं हा माझा व्यवसायच आहे. ती बाटली पाण्यात तरंगणाऱ्या कणांसाठी होती. माझ्या पाण्यात कण नव्हतेच, विरघळलेला रंग होता. साखर विरघळलेल्या चहातून गाळणीने साखर काढता येईल का? पण दुकानदाराला ते पटेना. "सगळे नेतात," तो म्हणाला. हा युक्तिवाद आमच्या बँकेत विमा पॉलिसी खपवतानाही वापरतात, त्यामुळे मी तो लगेच ओळखला.

इथे एक साधा फरक लोकांच्या ध्यानात येत नाही. रंग वेगळा आणि गढूळपणा वेगळा. माझ्या टाकीच्या मागे वर्तमानपत्र धरलं, तर शेअरबाजाराचे आकडे वाचता येतात; ते वाचून आनंद होत नाही, पण तो पाण्याचा दोष नाही. पाणी दुधासारखं पांढुरकं झालं, तर त्यात जीवाणूंची जत्रा भरली आहे. हिरवं झालं, तर शेवाळ माजलं आहे. वास मारू लागलं, तर काहीतरी कुजतं आहे. ते लाकूडही असू शकतं आणि मग ते निमूट बाहेर काढावं. नव्या लाकडावर काही दिवस पांढरी लिबलिबीत साय धरते, ती मात्र निरुपद्रवी. ब्रशने घासावी, नाहीतर आपोआप जाते. ही सगळी लक्षणं बघायची सोडून 'पिवळं दिसलं, ओता मोरीत' हा न्याय लावायचा असेल, तर कावीळ आणि हळदी समारंभ यांतही फरक करायला नको.

माझी खरी तक्रार या बिनरंगी आंधळेपणाबद्दल आहे. कारण टाकीतला खरा मारेकरी रंगीत नसतोच. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. तो पाण्यात असला, तरी डोळ्यांना दिसत नाही. फिल्टरच्या स्पंजात आणि वाळूत वस्तीला असलेले जीवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारी आणि तेही बिनरंगी. दुसरे जीवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य असतं आणि अधूनमधून थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. ही वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. आणि ती उठवायला एक उत्साही गृहस्थ आणि एक रविवार सकाळ पुरते.

आमच्या खालच्या मजल्यावर असे एक गृहस्थ राहतात. त्यांच्या नववीतल्या मुलीला दोन गोल्डफिश आणून दिले होते. दर रविवारी वडील टाकी उपडी करायचे, वाळू गरम पाण्याने धुवायचे, स्पंज नळाखाली धरून साबणाने पिळायचे, आणि ताजं नळाचं पाणी भरून माशांना पुन्हा आत सोडायचे. पाणी असं, की टाकी रिकामी आहे असं वाटावं. दोन-तीन महिन्यांनी ती खरोखरच रिकामी व्हायची. मग नवे मासे. तिसऱ्या जोडीच्या वेळी वडील मुलीला म्हणाले, "मासे नाजूकच असतात, बेटा." त्याच संध्याकाळी ती आमच्याकडे आली, माझ्या टाकीसमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "काका, आमचं पाणी तर तुमच्यापेक्षा कितीतरी स्वच्छ होतं. मग आमचेच का मेले?"

वाचकहो, या प्रश्नापुढे विनोद सुचत नाही. मासे नाजूक नव्हते. त्यांच्या पाण्याला दर रविवारी नवी नवरी करण्याचा हट्ट नाजूक नव्हता. मी तिला वहीत तीन ओळी लिहून दिल्या. आठवड्यातून बादलीभरच पाणी बदलायचं; आदल्या दिवशी भरून ठेवलेलं. स्पंज काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळायचा, नळाखाली नाही. आणि खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढंच. दुसऱ्या दिवशी वडील जिन्यात भेटले. "तुम्ही तिच्या डोक्यात काही भरवू नका," ते म्हणाले. "आमच्याकडे अस्वच्छता चालत नाही." मी म्हटलं, "साहेब, तुमच्याकडे स्वच्छता चालते, म्हणूनच मासे चालत नाहीत." तेव्हापासून ते मला लिफ्टमध्ये ओळखत नाहीत. पण चौथी जोडी सात महिने झाले, जिवंत आहे. मुलगी अधूनमधून येऊन आकडा सांगून जाते.

मी कॉमर्सचा विद्यार्थी. आम्हांला 'विंडो ड्रेसिंग' नावाचा एक प्रकार शिकवला होता. वर्षअखेरीच्या एका दिवसापुरता ताळेबंद देखणा दिसावा म्हणून केलेली सजावट. त्या दिवशी आकडे असे चकाचक, की बघणाऱ्याला आरपार दिसावं; आणि आरपार बघितल्यावर मधलं काहीच दिसू नये. मी नोकरीला लागलो तेव्हा लेजरं जाऊन संगणक आले होते. पण जुने हेड कॅशियर सांगायचे, की ज्या पानावर खाडाखोड आहे आणि शेजारी सही आहे, त्याची भीती नाही. भीती कोऱ्या करकरीत पानाची. हाडाचा इन्स्पेक्टर असलं पान बघितलं की चष्मा पुसायचा. माझं तांबूस पाणी हे सही केलेल्या खाडाखोडीसारखं आहे. काय झालंय, कशाने झालंय आणि किती झालंय, सगळं उघड. तुमच्या काचेसारख्या पाण्यात काय आहे, हे तपासणीच्या थेंबांशिवाय ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

कुणी म्हणेल, हे बँकेतलं ठीक आहे, निसर्गात पाणी निळंशार असतं. हा निसर्ग कॅलेंडरवरचा. दक्षिण अमेरिकेत रिओ नेग्रो नावाची नदी आहे. नावाचा अर्थच काळी नदी. १५४२ साली ओरेयाना नावाचा स्पॅनिश साहसी माणूस ॲमेझॉनमधून उतरत आला, तेव्हा त्याने ते पाणी बघून हे नाव दिलं. जंगलातला पाचोळा आणि लाकूड मुरून मुरून तिचं पाणी कडक कोऱ्या चहासारखं झालेलं असतं. मनाउस शहराजवळ तिला सोलिमोइस ही गाळाची, दुधाळ चहाच्या रंगाची नदी मिळते आणि दोघी जवळपास सहा किलोमीटर एकाच पात्रात शेजारी शेजारी वाहतात, पण मिसळत नाहीत. एका अंथरुणावर कोरा आणि दुधाचा! दोघींचं तापमान, वेग आणि घनता वेगळी, म्हणून हे असं होतं. आमच्या सोसायटीच्या दोन विंग्ज याच कारणाने मिसळत नसाव्यात.

तर या काळ्या नदीच्या खोऱ्यात कार्डिनल टेट्रा राहतो. बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा. अंगावर निळी पट्टी आणि खाली लालभडक. तिथलं पाणी इतकं आम्ल, की पीएच चार-पाचच्या घरात असतो. हा मासा दुकानात, पांढऱ्या दिव्याखाली, निळ्या खड्यांवर, काचेसारख्या पाण्यात ठेवला, की इंटरव्ह्यूला आलेल्या उमेदवारासारखा फिका पडून कोपऱ्यात उभा राहतो. तोच तांबूस पाण्यात आला, की छाती काढून फिरतो. माझ्याकडे असे आठ आहेत. ज्याला त्याला आपल्या गावचं पाणी मानवतं. यात काय कठीण आहे? मुंबईत वीस वर्षं काढलेला आमचा एक कारवारी सहकारी अजून घरचं पाणी, घरचं पाणी म्हणून उसासे टाकतो, त्याला आपण वेडा म्हणत नाही.

बरं, ब्राझीलपर्यंत जायला नको. सोसायटीच्या फाटकाशी देशी बदामाचं झाड आहे. थंडीत त्याची पानं लालबुंद होऊन गळतात आणि झाडूवाला ती शिव्या देत गोळा करतो. आग्नेय आशियात फायटर मासे पाळणारे लोक हीच वाळलेली पानं मुद्दाम पाण्यात टाकतात; पाणी तांबूस होतं, मासे शांत राहतात आणि बुरशीचा त्रास कमी होतो, असा त्यांचा अनुभव. हा फायटर काही ऐरागैरा नव्हे. थायलंडने २०१९ साली त्याला आपला राष्ट्रीय जलचर केलं. आणि हा बदाम म्हणजे आपल्या हिरड्या-बेहड्याचा सख्खा कुळबंधू. आपण ती पानं जाळतो. पुढे तीच पानं पुडक्यात बांधून, चकचकीत लेबल लावून घरपोच आली, की आपण पैसे मोजून घेतो.

मी आंधळा भक्त नाही. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे सिक्लिड मासे जड, अल्कली पाण्यातले. त्यांच्या टाकीत लाकूड घालू नये, दगड घालावेत. तुमचं पाणी फारच मऊ असेल, तर टॅनिनने पीएच घसरू शकतो. तेव्हा मोजत राहावं. बोअरच्या जड पाण्यात फक्त रंग येतो, पीएच ढिम्म हलत नाही. पाण्यात वनस्पती वाढवायच्या असतील, तर गडद रंगाने उजेड अडतो. समुद्रकिनाऱ्यावर सापडलेलं मिठाने मुरलेलं लाकूड किंवा झाडावरून ताजी तोडलेली फांदी टाकू नये.

आणि एवढं ऐकूनही एखाद्याला रंग नकोच असेल, तर त्यालाही सरळ मार्ग आहे. लाकूड आधी बादलीत दोन-तीन आठवडे भिजत घालावं, रोज पाणी ओतून द्यावं. किंवा मोठ्या पातेल्यात तास-दोन तास उकळावं, पाणी बदलून पुन्हा उकळावं. रंग झपाट्याने निघतो आणि लाकूड बुडायलाही लागतं. साबण मात्र नाही. पातेलं स्वयंपाकघरातलं घ्यायचं झाल्यास दिवाळीच्या आठ दिवस आधी घेऊ नये, आमच्या हिने चिवड्याच्या पातेल्यात लाकूड बघितलं तेव्हा "अहो, हे काय फोडणीला टाकलंत?" एवढं एकच वाक्य ती बोलली, पण ते पाडव्यापर्यंत पुरलं. फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा घातला, तर तो रंग ओढून घेतो; तीन-चार आठवड्यांनी त्याचं पोट भरतं, मग बदलावा. शेगडीतला कोळसा चालत नाही. आणि माशांना औषध देताना तो काढून ठेवावा, नाहीतर औषधही तोच पितो.

राहिलं पाणी बदलणं. इथे मात्र कॉमर्सवाल्याचं ऐका. माझी टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, म्हणजे काठोकाठ ५६ लिटर. आठवड्याला तीस टक्के, म्हणजे एक बादली. शंभर टक्के रंगातले पहिल्या आठवड्यात सत्तर उरतात, मग एकोणपन्नास, मग चौतीस, चौथ्या आठवड्यात चोवीस. याला घटत्या शिल्लक पद्धतीचा घसारा म्हणतात. लाकूड मध्येच नवा भरणा करत असतं, त्यामुळे हिशेब जरा लांबतो. पण लाकडाची पुंजीही कधीतरी संपतेच. या पद्धतीत शिल्लक कधीच शून्य होत नाही, तशी ती व्हायची गरजही नसते. एका दिवसात शून्यावर आणायचा हट्ट जो धरतो, तो मालमत्ता भंगारात काढतो. आणि टाकीतली मालमत्ता श्वास घेत असते.

तेव्हा ज्यांना पारदर्शक पाणी हवं, त्यांनी ते जरूर करावं. सावकाश करावं, माशांना न मारता करावं. माझा झगडा स्वच्छतेशी नाहीच. तो आहे, रंग बघून निकाल देणाऱ्या न्यायाधीशांशी. त्यांना मी एवढंच विनवतो, की टाकीसमोर आलात, तर पाण्याकडे नंतर बघा, आधी माशांकडे बघा. ते कल्ले फडफडवत वर येऊन हवेसाठी तोंड मारत असतील, तर पाणी हिऱ्यासारखं असलं तरी तुमची धडगत नाही. आणि ते निवांत फिरत असतील, खाद्य बघून झेपावत असतील, एकमेकांच्या मागे लागून भांडत असतील, तर पाण्याने आपली परीक्षा दिली आहे आणि ती पास झाली आहे.

मग खुशाल बसा. चहा घ्या. कोरा हवा की दुधाचा, एवढंच सांगा.